एसआरएच्या बिल्डिंगमध्ये खालचा मजला लागला तर टीबीचा धोका खरंच वाढतो का?

सायन_कुर्ला_लोकल

नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमची वस्ती चेंबूर-कुर्ला पट्ट्यातली, झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन, म्हणजेच एसआरए) योजनेत गेलीय. परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या यादीत, बाबांचं नाव लागलं, सह्या झाल्या, आता बिल्डरच्या माणसाने कमिटीला प्लॅन दाखवलाय आणि येत्या रविवारी जनरल बॉडी आहे. आमच्यासाठी ३०० स्क्वेअर फुटांच्या घरांच्या दोन रिहॅब विंग, प्रत्येकी २२ मजली, अगदी समोरासमोर, मधे ६ मीटर. बिल्डर बाजारात विकणार तो सेलचा टॉवर पुढे रस्त्याला, त्याला पोडियम, गार्डन, सगळं. कुणाला कुठला मजला ते लॉटरीने.

बाबांना मागे टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला, आता ठीक आहेत पण छाती नाजूकच. आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींबद्दल वाचलं, की तिथे बिल्डिंगी इतक्या चिकटून बांधल्यात की दिवसा लाइट लावावी लागते आणि टीबीचे पेशंटही जास्त, तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. कमिटीत विषय काढला तर एक जण म्हणाला, "ताई, टीबी जंतूने होतो, बिल्डिंगने नाही," आणि सगळे हसले. माझा भाऊ म्हणतो प्लॅन नियमात बसवूनच पास होतो, मग ज्यांनी नियम केले त्यांनी आरोग्याचा विचार केलाच असेल की.

तर खरंच संबंध असतो का, की गरिबी, गर्दी, कचरा यांचं खापर आपण बिल्डिंगवर फोडतोय? आणि असेल तर आता या स्टेजला आमच्यासारख्यांनी मागायचं काय? मला प्लॅन वाचता येत नाही, हे आधीच सांगते.

नकाशावाला

ताई, हसणाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे, जंतूनेच होतो. पण तो जंतू खोलीतल्या हवेत किती वेळ टिकणार आणि तीच हवा घरातले बाकीचे किती तास ओढत बसणार हे खिडकी ठरवते. आणि भावाचं म्हणणं १०० वर्षांपूर्वी बरोबर ठरलं असतं, आता नाही. कसं ते सांगतो, आयुष्य याच धंद्यात गेलंय.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग सापडला, ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, मूळचे गोव्याचे. शहर रिकामं व्हायला लागलं, गिरण्या ओस पडल्या, सरकारचे धाबे दणाणले. त्यातून १८९८ मध्ये कायदा करून बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. आपण आज ज्या बीआयटी चाळी म्हणतो त्यातला बीआयटी तो हाच. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड (आताचा सरदार वल्लभभाई पटेल रोड) हे रस्ते ट्रस्टने दाट वस्ती कापून काढले, कशासाठी तर समुद्राचा वारा आत यावा म्हणून. दादर-माटुंगा-वडाळा-सायनची आखणी त्यांचीच. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बागा इथून चालत जाताना आज जे बरं वाटतं ना, त्याच्या मुळाशी प्लेग आहे.

या ट्रस्टचे एक चेअरमन होते जे. पी. ऑर. त्यांनी ६३½ अंशांचा नियम लावून धरला. म्हणजे खोलीच्या तळापासून समोरच्या बिल्डिंगच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली तर तिचा चढ ६३½ अंशांपेक्षा जास्त नको. शाळेतलं त्रिकोणमितीचं पुस्तक आठवा, त्या कोनाचं टॅन येतं साधारण २. म्हणजेच समोरची बिल्डिंग जितकी उंच, त्याच्या निदान निम्मं अंतर मोकळं सोडा. एवढं सोपं, कुठलाही मिस्त्री दोरी धरून तपासेल.

आता तुमच्या विंग घ्या. २२ मजले म्हणजे ६४ मीटरच्या आसपास उंची. ऑरच्या हिशोबाने मधे ३२ मीटर हवेत. तुम्हाला मिळताहेत ६. तळमजल्यावरून कोन काढला तर ८४ अंशांच्या वर जातो, म्हणजे डोकं खिडकीबाहेर काढून मान पूर्ण मागे टाकली तरच आभाळ. आणि ६ मीटर अंतरात जुना नियम कुणाला लागू पडतो? ज्यांच्या खोलीच्या तळाच्या वर समोरची भिंत १२ मीटरपेक्षा जास्त चढत नाही त्यांनाच. म्हणजे वरचे फार तर चार मजले. बाकी १८ मजले १९१०-१२ च्या सुमाराच्या मापाने राहायला अयोग्य. नटवर पारेखमध्ये तर बिल्डिंगींमधलं अंतर ३ मीटर आहे आणि तळमजला अधिक सात मजले, तिथेही हिशोब करा, वरचे दोन मजले सुटतात.

आता गंमत ऐका. प्लेगच्या बाबतीत ट्रस्टवाल्यांचं शास्त्रच चुकलेलं होतं! कोंदट हवा, अंधार, ओल यातून प्लेग येतो अशी त्या काळची समजूत. प्रत्यक्षात तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्येच कराचीत प्रयोग करून दाखवलं होतं, पण लोकांना पटायला बरीच वर्षं गेली. म्हणजे उजेड-वाऱ्याचा आग्रह ज्या रोगामुळे सुरू झाला त्याला त्याचा तसा उपयोग नव्हता. पण टीबीला तो चपखल बसतो, कारण टीबी खरोखर हवेतून जातो, हवा बदलली की जंतू विरळ होतात आणि सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी मरतात. चुकीच्या समजुतीतून आलेला बरोबर नियम आपण नंतर सैल करत करत पातळ केला.

भावाला एक गोष्ट दाखवा. झोपु योजनेच्या नियमात, ३३(१०) म्हणतात ते, घरांची घनता दिलेली असते. कुठल्याही शहाण्या नियोजनात घनतेला वरची मर्यादा घालतात, की बाबा एवढ्याच्या वर नको. इथे खालची आहे. हेक्टरी किमान ६५० घरं बांधलीच पाहिजेत, आधी हा आकडा ५०० होता. तुमची पात्र माणसं कमी पडली तरी आकडा भरायचा आणि जादा घरं प्रकल्पग्रस्तांसाठी सरकारच्या ताब्यात द्यायची. वर बिल्डिंगभोवती मोकळी जागा कमी सोडायची सवलत. त्यामुळे प्लॅन "नियमात" आहे, हे खरंच आहे.

ट्रान्झिटचा_राजा

काका, अभ्यास जबरदस्त, पण एक विचारू का, तुम्ही झोपडीत किती राहिलायत? आम्ही जन्मापासून. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, पत्र्याला हात लागेल एवढी उंची, समोरच्याच्या दारात आमचं दार, मधे गटार. तिथे कुठला ६३ अंश आणि कुठला वारा. पावसाळ्यात गुडघाभर पाणी घरात, ते पण सगळ्या गटाराचं. माझी बहीण आणि आई रात्री संडासला जायच्या तर एकमेकींना सोबत घेऊन, अंधार पडला की पाणी प्यायच्या नाहीत जायला लागू नये म्हणून. आता घरात संडास आहे, दाराला कडी आहे. हे आरोग्य नाही का? लोक येतात, गोवंडीचे फोटो काढतात, व्हर्टिकल स्लम म्हणून लेख लिहितात आणि परत आपल्या टू बीएचकेत.

आणि गोवंडीत शंभर भानगडी आहेत हो. देवनारचं डम्पिंग बाजूला, ते १९२७ पासून आहे, त्याचा धूर, लोकांना हाताला काम नाही, एका घरात आठ माणसं, पोरं जरीच्या कारखान्यात खाली मान घालून बसलेली. टीबी नाही होणार तर काय होणार. सगळं बिल्डिंगीवर ढकललं की प्रोजेक्ट अडतो आणि प्रोजेक्ट अडला की आमच्यासारखे ट्रान्झिट कॅम्पात (नवं घर मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या खोल्यांत) म्हातारे होतात. ताई, तुमच्या काळजीबद्दल आदर आहे, पण रविवारी उभं राहून "प्लॅन बदला" म्हणालात तर बिल्डर आनंदाने दोन वर्षं लांबवेल आणि भाडं बंद करेल. बघितलंय हे.

नकाशावाला

राजे, संडासाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, त्यावर वादच नाही. आणि झोपडीपेक्षा वाईट असं मी म्हटलेलंही नाही.

पण "गोवंडीत सगळंच वाईट म्हणून टीबी" हे तपासून झालंय. २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू या संस्थेचा अभ्यास आला, पैसे एमएमआरडीएकडून (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), आयआयटी मुंबईची मंडळी सोबत. त्यांनी तीन वसाहती घेतल्या, लल्लूभाई, नटवर पारेख आणि मानखुर्दची पीएमजीपी कॉलनी. तिन्ही एकाच एम पूर्व वॉर्डात, तिन्हीकडे गरीब माणसंच, डम्पिंग सगळ्यांनाच जवळ. फरक एवढाच की पीएमजीपी जुनी, बिल्डिंगी बुटक्या आणि अंतर बरं. टीबी पहिल्या दोन्हींत खूप जास्त सापडला, आणि त्यातही खालच्या मजल्यांवर जास्त. गरिबी मजला बघून बदलत नाही. उजेड आणि वारा बदलतो.

अजून एक, तुम्ही आठ माणसं एका घरात म्हणालात. जुन्या गॅलरीवाल्या चाळीतही एका खोलीत आठ होती. पण तिथली गॅलरी एका बाजूने उघडी असते. माणसं खोलीत फक्त झोपायला, बाकी दिवस गॅलरीत. एसआरएत काय, मधे बंद बोळ, दोन्ही बाजूंना दारं, बोळाला उजेड नाही, घराला एकाच बाजूला खिडकी. दार उघडं ठेवलं तरी वारा पलीकडे निघायला वाट नाही. बोळाच्या दोन्ही टोकांना भिंतीऐवजी जाळी ठेवली तरी फरक पडतो, आणि त्यासाठी प्रोजेक्ट दोन वर्षं अडत नाही.

ट्रस्टचं कौतुक केलं म्हणून हेही सांगतो, त्यांनी पाडलं खूप आणि त्या मानाने बांधलं कमी. पाडलेल्या घरातली माणसं शेजारच्या गल्लीत जाऊन कोंबली गेली, तिथली गर्दी वाढली. तेव्हा जुनं ते सगळं सोनं असं मुळीच नाही.

डॉट्सवाली

मी टीबीच्या कामात फिल्डवर आहे, वॉर्ड सांगत नाही. घरोघर जाते. आता बोलते.

अशा बिल्डिंगमध्ये मी खिडकी उघडा म्हटलं की बायका हसतात. उघडून बघा म्हणतात. उघडली की समोरच्याच्या बाथरूमची खिडकी, खाली दोन बिल्डिंगींच्या फटीत कचऱ्याचा ढीग, वरून लोक टाकतात, फुटलेल्या पाइपचं पाणी ठिबकतंय, उंदीर, वास. आणि घरात तरुण मुलगी असेल तर समोरचे बघतात म्हणून पडदा. म्हणजे प्लॅनवर खिडकी आहे, नियमाने आहे, पण ती वर्षभर बंद. हे कुठल्या फॉर्मात भरायचं? आमच्या फॉर्मात तंबाखू, दारू, शुगर, एचआयव्ही सगळं विचारतात. मजला विचारत नाहीत, मी माझ्या डायरीत लिहून ठेवते.

पण नकाशावाल्या सरांना एक सांगायचंय, सगळं वाऱ्यावर नेऊ नका. २०२३ मध्ये झारखंडच्या अभ्यासाचे निकाल आले, टीबी पेशंटच्या घरातल्या बाकीच्या माणसांना जास्तीचं रेशन दिलं तर त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. नुसतं धान्य-डाळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या! सरकार टीबी पेशंटला खाण्यासाठी निक्षय पोषणचे महिन्याला ५०० रुपये द्यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केलेत, तेवढ्यात अंडी-दूध किती येतं ते तुम्हीच बघा. मी ज्या घरात जाते तिथे भाडं, लाइटबिल आणि मेंटेनन्स भरून उरलं तर खाणं. आणि हो, लाइटबिल हा पण बिल्डिंगचाच आजार, दिवसभर ट्यूब आणि पंखा चालू ठेवावा लागतो, झोपडीत कौलाला काच बसवून काम भागायचं.

ताई, तुमच्या बाबांबद्दल. कोर्स पूर्ण झालाय ना, मग ते कुणाला देणार नाहीत, घाबरू नका. पण एकदा होऊन गेलेल्याला परत होण्याचा धोका बाकीच्यांपेक्षा जास्त असतो, म्हणून दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन उतरलं तर लगेच थुंकी तपासायची, सीबीनॅट या टीबीचा जंतू शोधणाऱ्या मशीनवर, सरकारी केंद्रात फुकट होते. शुगर तपासून ठेवा. घरात कुणाला परत निघाला तर बाकीच्यांनी प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारायचं, लोकांना माहीतच नसतं. आणि खालचा मजला लागलाच तर किचनला नुसता पंखा नको, बाहेर फेकणारा एक्झॉस्ट लावा आणि दार थोडं उघडं ठेवून चालवा, नाहीतर हवा ओढणार कुठून.

कौलूनचा_कोकण्या

डॉट्सवाली ताईंच्या एक्झॉस्टवरून आठवलं, थोडं सावध. मी कामानिमित्त हाँगकाँगला असतो. इथे २००३ च्या सार्सच्या वेळी अमॉय गार्डन्स नावाच्या वसाहतीत ३०० च्या वर लोकांना लागण झाली, सगळ्यात जास्त एकाच ब्लॉकमध्ये. तपासात निघालं ते असं की बाथरूमच्या नाहणी ट्रॅपमध्ये (पाणी साठून गटाराची हवा अडवतो तो भाग) पाणी सुकलेलं, त्यामुळे ड्रेनेजची हवा घरात यायला मोकळी, त्यात बाथरूमचा एक्झॉस्ट चालू की ती अजून जोरात ओढली जायची, आणि मग बिल्डिंगमधल्या अरुंद डक्टमधून, म्हणजे उभ्या पोकळीतून, ते सगळं वर चढत गेलं. म्हणजे तिकडे वरचे मजलेही वाचले नाहीत. टीबी असा ड्रेनेजमधून येत नाही, तो वेगळा विषय, पण डक्ट ही चीज किती बेकार ते कळतं. नाहणीत रोज तांब्याभर पाणी ओतायचं, आमची आजी गावी वासासाठी करायची तेच.

त्यानंतर इथल्या सरकारने मोठ्या सरकारी प्रकल्पांना वारा कसा वाहील याचं मूल्यमापन करायला लावलं, बिल्डिंगींची भिंतच्या भिंत उभी राहू नये म्हणून. एवढ्या महागड्या जमिनीच्या शहरात. घरं अजूनही काड्यापेटीएवढीच, ते सोडा.

ट्रान्झिटचा_राजा

मजल्याचं नव्हतं माहीत मला. ठीक आहे, जाळीचं आणि कचऱ्याचं मागा, त्याला मी पण हात वर करीन. पण माझं एक ऐका, कमिटीत मागताना आरोग्य हा शब्द पहिला काढू नका, लोक कंटाळतात. लाइटबिल काढा. "खालच्या दहा मजल्यांना दिवसा ट्यूब लावावी लागेल, महिन्याचं बिल किती येईल" एवढं विचारा, सगळ्या बायका तुमच्या बाजूने. लॉटरी आहे ना, खालचा मजला कुणालाही लागू शकतो.

नकाशावाला

हे राजेंचं एकदम पटलं.

ताई, रविवारी काय मागायचं ते. फ्लोअर प्लॅन सगळे दाखवतात, रंगीत असतो, सोफा वगैरे काढलेला. तुम्ही सेक्शन मागा. सेक्शन म्हणजे बिल्डिंग उभी कापून दाखवलेलं चित्र. त्यात दोन विंगमधलं अंतर आणि उंची एकदम दिसते, पट्टी लावून कोन तुम्ही स्वतः मोजू शकता. मग विचारा, किचन आणि संडासची खिडकी बाहेर उघडते की डक्टमध्ये, आणि डक्ट साफ करायला खाली माणूस शिरेल असं दार आहे का. दार नसेल तर तो डक्ट दहा वर्षांत कचराकुंडी होणार. बोळाच्या टोकांना जाळी. समोरासमोरच्या खिडक्या एकमेकींच्या नाकासमोर न आणता थोड्या सरकवून, म्हणजे पडदा लावायची वेळ येणार नाही, हा बदल आता कागदावर आहे तोवर जवळजवळ फुकट होतो. बालवाडी आणि वेल्फेअर सेंटर नियमाने द्यावंच लागतं, ते बहुतेक सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात ढकलतात, पोरं तिथेच बसणार आहेत दिवसभर, ते उजेडाच्या बाजूला मागा.

अंतर ६ चं १२ होईल का? खरं सांगायचं तर कठीण आहे. सेल टॉवर थोडा सरकवला तर होऊ शकतं पण तिथे बिल्डरचा पैसा आहे, तो शेवटपर्यंत लढणार. तरी लेखी मागा, इतिवृत्तात येऊ दे. नाही दिला सेक्शन तर एसआरएच्या ऑफिसात माहितीचा अधिकार टाका, मंजूर नकाशे मिळतात. त्यापुढे शिखर तक्रार निवारण समिती आहे, पण तिथे जायच्या आधी सोबतीला माणसं जमवा, एकटी जाऊ नका.

डॉट्सवाली

आणि सर, तुमच्या त्या प्लॅन पास करणाऱ्या टेबलावर आमच्या खात्याचं कुणी बसतं का हो? फायरवाल्यांची एनओसी लागते म्हणे.

नकाशावाला

फायरची लागते. बंब शिरला पाहिजे म्हणून जागा सोडतात, तुम्हाला जे ६ मीटर दिसताहेत ते बहुतेक त्याच कृपेने. वारा शिरला पाहिजे म्हणून सही करणारा कुणी नाही.

सायन_कुर्ला_लोकल

सगळ्यांना मनापासून थँक्यू. भावाला तो ६५० चा नियम वाचून दाखवला, तो म्हणे किमान लिहिलंय म्हणजे टायपिंगची चूक असेल. मग स्वतःच शोधत बसला आणि आता माझ्यापेक्षा जास्त चिडलाय.

आज आर्किटेक्टच्या ऑफिसला जाऊन आले, सोबत शेजारच्या दोन काकी. सेक्शन पाहिजे म्हटलं तर तिथला पोरगा गोंधळला, म्हणे मॅडम हे सोसायटीवाले कुणी मागत नाहीत, शोधावं लागेल. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर पाठवतो म्हणालाय. काकी लगेच लाइटबिलाच्या हिशोबाला लागल्या, खालच्या मजल्याचं महिन्याचं किती येईल ते काढून रविवारी फळ्यावर लिहिणार आहेत. सेक्शन आला की इथे टाकते, काका, कोन कुठून धरायचा ते एकदा खूण करून द्याल का, खिडकीच्या खालून की जमिनीवरून?